पोटमाळ्यावरचे संगणक आणि पाच व्होल्टांची हमी

मुंबईतल्या करी रोड, चिंचपोकळी, लालबाग या पट्ट्यातल्या चाळी गेली काही वर्षे रिकाम्या होत आहेत. ना. म. जोशी मार्गावरच्या, १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि आसपासच्या उपकरप्राप्त इमारतींतलेही अनेक भाडेकरू संक्रमण शिबिरांकडे किंवा उपनगरांकडे निघाले आहेत. खोली सोडायची तर पोटमाळा उतरवावा लागतो. त्यातून तांब्यापितळेची भांडी, मखराचे सामान आणि जुन्या वह्या यांच्याबरोबर एखाद्या घरी १९८०च्या दशकातला घरगुती संगणकही खाली येतो. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६च्या सुमारास परवान्याने बाजारात आणलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’, आखातातून किंवा इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातला कमोडोर ६४, क्वचित शाळेने मोडीत काढलेला बीबीसी मायक्रो. या शेवटच्याला तर सरकारी पार्श्वभूमी आहे: ‘क्लास’ या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पाने १९८४-८५पासून तो शाळाशाळांत पोचवला आणि सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची ‘युनिकॉर्न’ नावाने परवान्याखाली जुळणीही केली.

पूर्वी अशी वस्तू थेट भंगारवाल्याच्या काट्यावर जात असे. आता घरातला एखादा तरुण ती थांबवतो, पुसतो आणि सुरू करून पाहू म्हणतो. ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही भंगारापासून यंत्र वाचवणारा हाच माणूस पुढच्या काही मिनिटांत ते कायमचे निकामी करण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचे मूळ निष्काळजीपणात कमी, एका रास्त वाटणाऱ्या गृहीतकात अधिक आहे. ते गृहीतक असे: वीजपुरवठ्याचा भाग बिघडला असेल तर यंत्र चालणार नाही, म्हणजेच यंत्र चालले तर तो भाग ठीक आहे.  ते धोकादायकरीत्या खोटे आहे, कारण वीजपुरवठा दोन दिशांनी बिघडू शकतो आणि आपण त्यातल्या एकाच दिशेचा विचार करतो.

रेखीय पद्धतीच्या पुरवठ्यात रोहित्र २३० व्होल्टांचा दाब उतरवते, डायोड त्याचे एकदिशीकरण करतात, मोठा इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर चढउतार भरून काढतो आणि शेवटी रेग्युलेटर उरलेला जादा दाब स्वतःवर घेऊन बाहेर पाच व्होल्ट सोडतो. जादा दाब स्वतःवर घेणे म्हणजे तो उष्णतेच्या रूपात जिरवणे. आत ९ व्होल्ट येत असतील तर रेग्युलेटरवर ४ व्होल्ट पडतात. मुख्य पुरवठा साधारण दहा टक्क्यांनी वाढून आत १० व्होल्ट येऊ लागले तर ५ पडतात, म्हणजे त्याच विद्युतप्रवाहाला उष्णता पंचवीस टक्क्यांनी वाढते. बाहेरचा आकडा मात्र पाचच राहतो, त्यामुळे हा ताण वापरणाऱ्याला कुठेही दिसत नाही. वर्षानुवर्षे असा तापत आलेला अर्धवाहक जेव्हा अखेर हार मानतो, तेव्हा त्याच्या आतला मालिकेतला ट्रान्झिस्टर पुष्कळदा तुटण्याऐवजी शॉर्ट होतो. तुटला असता तर संगणक नुसता बंद पडला असता. शॉर्ट झाल्यावर नियमन न झालेला सगळा दाब पुढे जातो. त्या काळातल्या ७४एलएस मालिकेच्या तर्कचिप्स किंवा ४१६४ प्रकारच्या स्मृतिचिप्स यांची सहनशीलतेची कमाल मर्यादा ७ व्होल्ट आहे. ती ओलांडल्यावर काय होते ते मिलिसेकंदांत होते आणि त्यात वितळतारेचा उपयोग नसतो, कारण वितळतार जादा प्रवाहाला प्रतिसाद देते, जादा दाबाला नाही.

कमोडोर ६४चा बाहेरचा वीजपुरवठा या बिघाडाबद्दल कुप्रसिद्ध आहे. त्यातून ९ व्होल्ट प्रत्यावर्ती आणि ५ व्होल्ट एकदिश असे दोन पुरवठे निघतात. पाच व्होल्टांचा रेग्युलेटर त्या विटेसारख्या खोक्यातच असतो, आणि अनेक आवृत्त्यांत तो खोका आतून इपॉक्सीने ओतून भरलेला असतो. इपॉक्सीमुळे विद्युतरोधन स्वस्तात साधले, पण उष्णता कोंडली आणि दुरुस्तीची वाट बंद झाली. दाब मर्यादेपलीकडे गेला तर पुरवठा तोडणारे संरक्षक मंडल त्यात नाही. म्हणून या खोक्याच्या बाबतीत दुरुस्ती करू नये, तो बदलावा, असेच माझे मत आहे. यंत्र अमेरिकेतून आलेले असेल तर आणखी एक बारकावा: स्टेपडाउन रोहित्राने ११० व्होल्ट मिळतात, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. ६० हर्ट्झसाठी बेताने आखलेल्या गाभ्यात त्यामुळे चुंबकीय अभिवाह वाढतो आणि आधीच कोंडलेल्या खोक्यात उष्णतेची भर पडते.

स्पेक्ट्रमची गोष्ट निराळी आणि अधिक शिकवणारी आहे. त्याचा ॲडॅप्टर (आपल्याकडचे जुने लोक त्याला एलिमिनेटरच म्हणतील) ९ व्होल्ट आणि १.४ अँपिअरचा, नियमन नसलेला आहे. भार न लावता मोजल्यास तो बारा-तेरा किंवा त्याहून थोडे जास्त व्होल्ट दाखवतो. ते त्याचे स्वाभाविक वागणे आहे, बिघाड नव्हे. त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ॲडॅप्टरांत मधले टोक धन असते, म्हणजे केवळ ‘नऊ व्होल्ट’ वाचून आणलेला नवा ॲडॅप्टर यंत्राला उलटा पुरवठा देतो. नियमन यंत्राच्या आत ७८०५ हा रेग्युलेटर करतो. पण खालच्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी वापरलेल्या आठ ४११६ चिप्सना +५खेरीज +१२ आणि −५ व्होल्टही लागतात, आणि ते टीआर-४ या क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरभोवती रचलेले एक छोटे परिवर्तक मंडल निर्माण करते. −५ व्होल्टांचे काम चिपच्या अधःस्तराला योग्य विभवावर धरून ठेवण्याचे आहे. बाकीचे दोन पुरवठे चालू असताना तो एकच नाहीसा झाला, तर चिप्स आतून नको तिथे वाहू लागतात, तापतात आणि मरतात. उलट, एखादी चिप आधीच आतून शॉर्ट झालेली असेल तर ती परिवर्तकावर भार टाकून टीआर-४ला जाळते. कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून जळालेला ट्रान्झिस्टर बदलून लगेच प्लग लावणे म्हणजे पुष्कळदा नवा ट्रान्झिस्टर जाळणे ठरते. आधी तिन्ही मार्गांचा रोध मोजायला हवा, आणि शक्य असेल तर चिप्स काढून परिवर्तक स्वतंत्र तपासायला हवा. स्पेक्ट्रमला चालू-बंद करण्याचे बटणच नाही. मागच्या पट्टीत जोडणी बसवताना प्लग काढायचा राहून गेला आणि टीआर-४ गेला, हा त्याच्या काळातलाही नेहमीचा अपघात होता.

बीबीसी मायक्रोच्या नंतरच्या आवृत्त्यांत ॲस्टेक कंपनीचा एसएमपीएस (स्विच-मोड वीजपुरवठा) आहे. इथे मुंबईचे हवामान थेट हिशेबात येते. मुख्य पुरवठ्यावरचा विद्युतगोंगाट गाळण्यासाठी त्यात रिफा या स्वीडिश कंपनीचे, धातुलेपित कागदाचे, पारदर्शक पिवळसर इपॉक्सीत बंद केलेले कपॅसिटर आढळतात. काळाने त्या इपॉक्सीला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून बाष्प शिरते आणि कागद ते शोषून घेतो. रोज वापरात असलेले यंत्र स्वतःच्या उष्णतेने थोडे तरी कोरडे राहते. पोटमाळ्यावर तीसेक पावसाळे काढलेल्या यंत्राला तीही सवलत मिळालेली नसते. प्लग लावल्यावर त्या ओलसर परावैद्युत थरातून गळती सुरू होते, तो तापतो आणि काही मिनिटांत दाट, उग्र वासाचा धूर निघतो. संगणक तोवर व्यवस्थित चालूही असतो. डोळ्यांना भेगा दिसोत वा न दिसोत, हे कपॅसिटर पहिल्यांदा वीज देण्याआधीच काढावेत. त्यांच्या जागी फक्त एक्स-२ वर्गाचे प्रमाणित कपॅसिटर घालावेत. दुकानात समोर आला म्हणून ४०० व्होल्ट एकदिश दाबाचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर घालणे हा उपाय नव्हे, कारण एकदिश दाबाची मर्यादा आणि मुख्य पुरवठ्यावर अखंड टिकण्याची, शेवट झालाच तर आग न लावण्याची क्षमता या वेगळ्या कसोट्या आहेत.

आता तपासणीच्या पद्धतीकडे. लालबाग-परळच्या टीव्ही मेकॅनिकांकडे पूर्वी सिरीज बोर्ड हमखास असे: दुरुस्तीच्या यंत्राशी मालिकेत जोडलेला तंतूचा बल्ब. थंड तंतूचा रोध कमी आणि तापलेल्याचा कितीतरी जास्त असल्यामुळे तो स्वतःहून प्रवाहाला आवर घालतो; शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. एलईडी दिवा हे काम करू शकत नाही, त्याच्या पोटात स्वतःचेच इलेक्ट्रॉनिक मंडल असते. पण हा चांगला रिवाज जसाच्या तसा लावण्यातही धोका आहे. रेखीय पुरवठ्याला डिमरस्टॅटवरून (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या रोहित्रावरून) हळूहळू दाब वाढवत नेणे हितकारक असते, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचा झिजलेला ऑक्साइड थर कमी दाबावर पुन्हा तयार होऊ शकतो. एसएमपीएसचे वागणे वेगळे. तो भाराला हवी तेवढी शक्ती पुरवण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे आत येणारा दाब कमी असेल तर तो प्रवाह जास्त ओढतो, आणि अर्ध्या दाबावर रेंगाळत ठेवला तर त्याच्या स्विचिंग ट्रान्झिस्टरवरचा ताण घटण्याऐवजी वाढू शकतो. एकाच घरातल्या दोन जुन्या संगणकांना एकच काळजी मानवत नाही, हे इथे ध्यानात ठेवावे लागते.

मल्टिमीटरचे साक्षीपुरावेही तपासून घ्यावे लागतात. जुना एसएमपीएस किमान भाराशिवाय मोजला तर तो सुरू होणार नाही किंवा चुकीचा दाब दाखवेल. उलट, कपॅसिटरचा आंतरिक रोध वाढला असेल तर भारावर पाच व्होल्टांच्या सरासरीवर मोठा तरंग बसलेला असतो, आणि साधा मीटर सरासरी तेवढी सांगतो. ५ ओहमचा, १० वॉटचा तारगुंडाळी रोधक पाच व्होल्टांवर १ अँपिअर प्रवाह घेतो. संगणक बाजूला ठेवून पुरवठ्याला अशा रोधकावर अर्धा-पाऊण तास चालवणे आणि दाब अधूनमधून पाहणे ही खरी परीक्षा. एसएमपीएस उघडताना आणखी एक लक्षात असू द्यावे: २३० व्होल्टांच्या एकदिशीकरणानंतर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून रोधकातून विद्युतभार उतरवावा.

अर्थिंगचा प्रश्न इमारतीशी निगडित आहे. एसएमपीएसच्या गाळणीत दोन्ही तारांकडून धातूच्या चौकटीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर ते विभाजकासारखे वागतात आणि चौकट मुख्य दाबाच्या जवळपास निम्म्यावर, ११५ व्होल्टांच्या आसपास तरंगते. प्रवाह अल्प असल्याने हाताला फक्त चुरचुर जाणवते आणि जुन्या वायरिंगच्या खोल्यांत ती मनावर घेतली जात नाही. मात्र त्याच अवस्थेत टीव्हीची वायर जोडली तर तो विसर्ग संगणकाच्या चिप्समधून जाऊ शकतो.

या सगळ्याचा संभाव्य परिणाम काय? संगणकाच्या सुट्या भागांपैकी कपॅसिटर, रेग्युलेटर, ट्रान्झिस्टर आजही मिळतात. स्पेक्ट्रममधली फेरांटीची यूएलए चिप किंवा कमोडोरची ध्वनिचिप आता कोणताही कारखाना बनवत नाही. आधुनिक पर्याय आहेत, पण ते मूळ वस्तू नव्हेत. म्हणजे सहज बदलता येणारा भाग बिघडतो आणि बदलता न येणारा भाग त्याची किंमत मोजतो. सुटा भाग शोधून बदलणारे कारागीर वयस्क झाले आहेत. नव्या दुकानांत आख्खा बोर्ड बदलण्याची रीत आहे, आणि या यंत्रांचे आख्खे बोर्ड कुठून आणणार? ज्या वेगाने चाळी रिकाम्या होत आहेत ते पाहता, ही यंत्रे थोड्याच वर्षांच्या अवधीत एकदम बाहेर येतील, आणि बहुतेकांची पहिली परीक्षा थेट भिंतीवरच्या सॉकेटवर होईल.

तेव्हा घरात असा संगणक सापडला तर विनंती एवढीच: ‘चालतो का बघू’ हा प्रयोग करू नका. रोधक, मीटर आणि हे काम जाणणारा माणूस मिळेपर्यंत यंत्र कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. ॲडॅप्टर वेगळा काढून कुणाला देऊ नका. पिनेची ध्रुवता आणि मूळ आकडे त्याच्यावरच लिहिलेले असतात. त्याला ‘लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि संगणकासोबतच बांधून ठेवा.