ओसाड म्हणजे निकामी नव्हे

वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो ते वाळवंट, अशी ढोबळ व्याख्या भूगोलात आपण शिकतो. त्या हिशेबाने आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण भागातील डोंगर वाळवंटी ठरत नाहीत, कारण येथे सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तरीही एप्रिलमध्ये घोरावडेश्वर, भंडारा किंवा भामचंद्र डोंगराकडे पाहावे. करपलेले गवत, तापलेला कातळ, कोठेतरी एखादे निष्पर्ण झाड! पाहणारा सहज म्हणून जातो, "सगळे ओसाड आहे." माझे भांडण या शब्दाशी आहे.

हा उघडेपणा आला कोठून? लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे चाळीस-पन्नास किलोमीटर येईपर्यंत ढग रिते होतात. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. दुसरे कारण खडकाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्यातील कठीण थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. उतारावर माती वीतभर, तीही पहिल्या जोरदार सरीबरोबर निसटणारी. अशा जमिनीवर घनदाट रान माजत नाही. गवत आणि सालई-पांगाऱ्यासारखी काटक झाडेच तग धरतात. म्हणजे या डोंगराला कोणी उजाड करण्यापूर्वीही त्याचे रूप बरेचसे उघडेच असणार.

पण उघडा डोंगर रिकामा बसलेला नसतो. एका हेक्टरवर १ सेंटिमीटर पाऊस पडला, की १ लाख लिटर पाणी होते. गवताची मुळे ते पाणी क्षणभर अडवतात, मुरूम ते शोषतो, खडकाच्या भेगांतून ते खाली उतरते आणि पायथ्याच्या विहिरींना पोहोचते. घोरावडेश्वराचेच पाहा. त्याच्या उत्तरेचे पाणी इंद्रायणीकडे जाते, दक्षिणेचे पवनेकडे. आपण नळाला तोंड लावतो तेव्हा या डोंगराची आठवण कोणाला होते?

आपल्या पूर्वजांना ती होती. घोरावडेश्वराची लेणी कोरणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी कातळात पाण्याची टाकीही कोरली. पुढे तुकाराम महाराज एकांतासाठी याच तीन डोंगरांवर जात, असे वारकरी परंपरा सांगते. जिथे आपल्याला काहीच दिसत नाही, तिथे त्यांना राहण्याजोगे, चिंतन करण्याजोगे स्थळ दिसले.

आज सातबारावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. लागवडीला अयोग्य, एवढाच त्याचा अर्थ. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ 'कोणीही खणावे' असा होऊन बसला आहे. भराव हवा, काढा मुरूम. खडी हवी, फोडा कातळ. डोंगराविषयी श्रद्धा आहे, नाही असे नाही. २००८ साली शिंदे-वासुली येथे एका परदेशी रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध ग्रामस्थ आणि वारकरी उभे राहिले, आणि ते केंद्र तेथे झाले नाही. मात्र श्रद्धा बहुधा माथ्यावरील देवळाभोवती राखण करते. पाणी मुरते ते उतारावर, आणि उताराला वाली नाही.

यावर कोणी म्हणेल, की कारखान्यांनीच आपल्या घरांत चूल पेटवली. खरे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, त्यानंतर या माळावर हजारो कुटुंबे वसली. आपल्या वर्गातील निम्मी मुले कामगारांची असतील. कारखाने नकोत, असे मी म्हणत नाही. पण कारखान्यालाही पाणी लागते, कामगारालाही लागते. डोंगर फोडून केलेल्या भरावावर उभी राहिलेली वसाहत उद्या टँकरची वाट पाहत बसली, तर त्या प्रगतीचा हिशेब कसा मांडायचा?

म्हणून आपल्या भूगोल विभागाला एक विनंती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे घेऊन दरवर्षी एकेका वर्गाने एकेक डोंगर चालून पाहावा. कोणता ओढा कोठे उगम पावतो, कोणते टाके कोणत्या महिन्यापर्यंत भरलेले राहते, कोणता उतार खणला गेला, याची नोंद करावी. सहलीला महाबळेश्वर आहेच; अभ्यासाला हे डोंगर पुरेसे आहेत. दहा वर्षांत ही वही एवढी जाड होईल, की या डोंगरांना निकामी म्हणणाऱ्याला आधी ती चाळावी लागेल.