मौद्याची बोली ‘अशुद्ध’ कशी?

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईत प्रसिद्ध झाले, तेव्हा कन्हान नदीकाठचे मौदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. पुढे हा मुलूख मध्य प्रांतात गेला. मुंबई राज्यात आला तो थेट १९५६ साली. मग मुंबई-पुण्यात घडलेल्या प्रमाण मराठीतून ‘मले’, ‘तो जाऊन राहिला’ ही रूपे बिघडून निघाली, असे कसे म्हणावे? ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातही नागपुरी बोलीची वेगळी नोंद आहे.

ही रूपे मूल कोणी न शिकवता, नियमांसह आत्मसात करते. शाळेत त्यांवरच लाल रेघ ओढली जाते. प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. पण ‘मला’ शिकवण्यासाठी ‘मले’ चूक ठरवण्याचे कारण नाही.