पेशंटला भेटता, तसं तिचंही ऐका

मंडळी, आपल्या सारोळ्यात कुणी अंथरुणाला खिळलं की अख्खी आळी भेटायला जाते. शहाळं, बिस्किटपुडा, चौकशी, सगळं पेशंटला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीत तीनदा उठून कूस बदलून देणाऱ्या सुनेला मात्र आपण चहा टाकायला लावतो! वर सल्ले: "पुण्याला दाखवा."

माझं म्हणणं एवढंच, तिला विचारा, "तुझी झोप होते का गं?" आणि दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐका. तासभर पेशंटपाशी तुम्ही बसा, तिला मोकळं करा.

ओळखीत बोलवत नसेल तर टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. पण शेजार आधी आपला. तीच खचली तर त्या घराचं कोण बघणार?