विश्लेषण : घरचा फोटो प्रिंटर लवकर का बंद पडतो?

शाळेचे प्रकल्प, ओळखपत्राचे फोटो, बारशाचा अल्बम अशा कारणांनी घरात आलेला फोटो प्रिंटर दोन-तीन पावसाळ्यांतच माळ्यावर जातो, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. वसईची खाडी आणि उत्तनचा समुद्र लाभलेल्या मीरा-भाईंदरमध्ये त्याचे खापर दमट हवेवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे.

बिघाड नेमका कुठे होतो?

घरगुती फोटो प्रिंटर बहुतेक इंकजेट प्रकारचे असतात. त्यांच्या हेडमध्ये केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून शाईचे थेंब कागदावर पडतात. प्रिंटर पडून राहिला की छिद्रांतली शाई सुकते आणि फोटोवर आडव्या रेघा उमटतात. मे महिन्यात कुटुंब गावी जाते, प्रिंटर महिनाभर बंद राहतो आणि जूनमध्ये शाळा उघडताच तक्रार सुरू होते. म्हणजे हेड बिघडते ते न वापरल्याने. दमट हवा बिघडवते तो कागद. फोटो पेपर ओलावा शोषतो, कडा वळतात, कागद अडकतो आणि रंग पसरतात.

कोणत्या सवयी बदलाव्यात?

आठवड्यातून एकदा रंगीत नोझल चेक काढावा. त्याला लागणारी शाई अगदी थोडी असते. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा. तसे केल्यास हेड जागेवर जाऊन झाकले जाते. थेट बोर्डाचे बटण बंद केले तर ते उघडे राहू शकते. रेघा दिसल्या की लोक हेड क्लिनिंगचा सपाटा लावतात. त्यात शाई वाया जाते. दोन-तीन प्रयत्नांनंतर काही तास थांबून पुन्हा पाहावे. फोटो पेपर मूळ पाकिटात, हवाबंद पिशवीत ठेवावा आणि काम झाले की ट्रेमधून काढून घ्यावा. शाई भरताना मॉडेल पाहावे, कारण डाय आणि पिग्मेंट या शायांची सरमिसळ हेडला महागात पडते.

भाड्याच्या घरात आणखी एक धोका असतो. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान टेम्पोत चढते आणि टाकीवाला प्रिंटर आडवा पडतो. शाई नळ्यांतून बाहेर येते. असा प्रिंटर उभाच न्यावा. वाहतुकीसाठी लॉक असेल तर तो लावावा.

मग दोष फक्त ग्राहकाचा?

मुळीच नाही. क्लिनिंगमध्ये वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये साठते. पॅड किती भरले याचा अंदाज प्रिंटर स्वतः मोजतो आणि मर्यादा गाठली की अनेक मॉडेल छपाईच थांबवतात. हेड चांगले, शाई भरलेली, तरी यंत्र बंद! काही नव्या मॉडेलमध्ये हे पॅड घरीच बदलता येते. म्हणजे ते शक्य आहे. मग सर्वच मॉडेलमध्ये का नको? विकताना ‘एका पानाचा खर्च किती’ हे सांगितले जाते. पॅड कधी भरेल आणि कोण बदलेल, हे सांगणेही बंधनकारक हवे.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याच्या कार्ट्रिजचा समावेश आहे. जुन्या यंत्रांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण ही जबाबदारी यंत्र मेल्यानंतरची. ते जगवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले, त्यात शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने या क्षेत्रांवर भर आहे. घरच्या प्रिंटरकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. घरबसल्या फोटो फ्रेम, भेटवस्तू वा पासपोर्ट फोटो छापून चार पैसे कमावणाऱ्यांसाठी बंद प्रिंटर म्हणजे बुडालेली ऑर्डर.

प्रिंटर घ्यावाच का?

महिन्याला चार-पाचच फोटो छापायचे असतील तर स्टेशनजवळचा स्टुडिओ केव्हाही परवडतो. अधूनमधूनच छापणाऱ्यांना डाय-सब्लिमेशन प्रकारचा छोटा प्रिंटर सोयीचा. त्यात रंग रिबनवर असतो, त्यामुळे सुकणारी शाई आणि तुंबणारी छिद्रे नसतात. धूळ मात्र सांभाळावी लागते. नियमित छपाई असेल तरच टाकीवाला इंकजेट घ्यावा आणि घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : पॅड भरले तर ते कोण, कुठे आणि किती रुपयांत बदलून देणार? उत्तर मिळत नसेल, तर तो प्रिंटर कितीही स्वस्त असला तरी महागच पडणार.