घोरणे व गृहस्थधर्म

आपल्या सुशिक्षित समाजात काही दुःखे अशी आहेत की, ती बोलून दाखविणाराचीच टवाळी होते. दातदुखी सांगितली तर लोक लवंगेचे तेल सुचवितात, ताप सांगितला तर डॉक्टरांचे घर दाखवितात. परंतु एखाद्या गृहिणीने चारचौघांत म्हणावे की, 'ह्यांच्या घोरण्यापायी गेली वीस वर्षे मला पुरती झोप नाही', की बैठकीत हशा पिकलाच म्हणून समजावे. त्या हशात सर्वांत मोठा वाटा खुद्द घोरणाऱ्या गृहस्थांचा असतो. आपण रात्री गर्जना करतो ह्याचा त्यांस किंचित अभिमानही वाटत असावा. बाई ओशाळून गप्प बसते आणि चहा येतो. प्रश्न तेथेच मिटला असे सर्वांस वाटते. रात्री अकरानंतर तो पुन्हा उभा राहतो, पण तेव्हा ऐकणारे एकच माणूस जागे असते.

ह्या हशाविरुद्ध आमची तक्रार आहे. घोरण्यावर उपाय करावा की नाही, आणि करावयाचा तर कोणता, हा निर्णय आज बहुतेक घरांत घोरणाराच्या मर्जीवर सोडलेला आहे. म्हणजे ज्यास काही ऐकू येत नाही तो न्यायाधीश, आणि जी रात्रभर ऐकते ती केवळ प्रेक्षक! आमचे म्हणणे असे की, तपासणी टाळण्याचा अधिकार घोरणारास नाही. आणि पुढील उपाय ठरविताना जिची झोप मोडते तिचे मत निदान अर्ध्या वजनाचे तरी मानले पाहिजे.

ह्यावर पहिला आक्षेप असा येतो की, आवाजाची सवय माणसास होतेच. मालवण, देवबाग, आचरा ह्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसांस समुद्राची गाज बारा महिने ऐकू येते. आषाढात तर ती घराच्या भिंतींस हादरा देते. तरी कोणाची झोप मोडत नाही. मग पतीच्या नाकाचा आवाजच तेवढा का सोसवत नाही? आक्षेप चतुर आहे, पण त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. गाज एका लयीत चालते, आणि झोपलेल्या कानास लय मानवते. घोरण्यास लय नसते. ते चढत जाते, मध्येच तुटते, काही क्षण मुळीच ऐकू येत नाही, आणि मग एकदम फुटते. त्या मधल्या शांततेतच ऐकणारी खडबडून जागी होते. श्वास परत सुरू होईल की नाही ह्या शंकेने ती अंधारात कान देऊन पडून राहते. तिची झोप आवाजाने जितकी मोडते तितकीच भीतीनेही मोडते.

आणि ही भीती खुळी नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते, आणि त्या अरुंद वाटेने जाणारी हवा पडजीभ व मऊ टाळू थरथरविते. हे साधे घोरणे. वाट अरुंद होता होता मिटलीच, तर श्वास अडतो. असा रोध दहा सेकंद वा अधिक टिकला म्हणजे वैद्यकशास्त्र त्याची गणना करते. श्वास अडण्याच्या व अपुरा पडण्याच्या अशा घटना तासाला पाचांहून कमी असल्या तर फारसे बिघडले नाही, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तिसांपुढे तीव्र. ह्या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण निद्राश्वासरोध म्हणू. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू माणसास अर्धवट जागे करतो, घसा उघडतो, आणि तो प्रचंड घुरघुराट होतो ज्यास आपण 'गाढ झोप' म्हणून कौतुकाने हसतो. खरे पाहता तो माणूस गाढ झोपलेला नसतो. त्याची झोप रात्रीतून शेकडो वेळा तुटलेली असू शकते. सकाळी डोके जड होणे, दुपारी खुर्चीत डुलकी लागणे, औषध घेऊनही रक्तदाब न उतरणे ही सारी त्याच रात्रीची बिले होत.

इंग्रजी साहित्याच्या वाचकांस डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधील जो नावाचा लठ्ठ पोरगा आठवत असेल; उभ्याउभ्या झोपणारा आणि झोपेत घोरणारा. १८३६-३७ साली वाचक त्यास हसले. तशा लक्षणांच्या एका विकारास वैद्यांनी 'पिकविकियन' हे नाव दिले ते १९५६ साली. म्हणजे हशापासून निदानापर्यंत पोचण्यास युरोप-अमेरिकेस सव्वाशे वर्षांच्या आसपास लागली. आपण तितकाच काळ पुन्हा घालवावा असे कोणते बंधन आहे?

हा साहेबांचा रोग, आपल्याकडे कोठला, असे म्हणणारांनी मुंबईकडे पाहावे. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईतील पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांत झोपेतील श्वासाचा दोष आढळला, आणि दिवसा झोप येण्यासह पुरता विकार ७.५ टक्क्यांत. ही पाहणी खेड्यापाड्यांतली नव्हे, हे खरे; पण आमच्या सिंधुदुर्गातील किती घरांचे कर्ते पुरुष त्याच मुंबईत आयुष्य काढतात हे सांगणे न लगे. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत ह्याच विकाराचे नाव घेतले. वर्तमानपत्रांत ते नाव छापून आले, चार दिवस चर्चा झाली, आणि आमच्या बैठकी पुन्हा हसावयास मोकळ्या झाल्या.

दुसरा पक्ष धर्माच्या नावाने बोलतो. संसार म्हटला की सोसावयाचेच. आमच्या आयांनी सोसले, आज्यांनी सोसले, त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. ह्या पक्षास आम्ही त्याच्याच घरातील ग्रंथ दाखवितो. चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. बायकोचे ताट रोज अर्धे काढून घेणाऱ्या नवऱ्यास समाज राक्षस म्हणेल. तिची अर्धी झोप काढून घेणारास मात्र तो 'मस्त झोप लागते हो ह्यांना' असे म्हणतो! ही अर्धी झोप अतिशयोक्ती वाटत असेल तर नेमका हिशेबही आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९९ साली दहा जोडप्यांची तपासणी प्रसिद्ध केली. घोरणाऱ्या पतीवर एकाच रात्रीत मध्येच यंत्राचा उपचार सुरू करताच शेजारी निजलेल्या पत्नीची निद्रा इतकी सुधारली की, पूर्ण रात्रीच्या हिशेबाने ती सुमारे बासष्ट मिनिटे भरली. दहाच जोडपी, हे मान्य. परंतु रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे पंधरा दिवस. आज्या बोलल्या नाहीत ह्याचा अर्थ त्यांस त्रास झाला नाही असा होत नाही. त्यांस विचारणारा कोणी नव्हता एवढाच होतो.

तिसरा पक्ष सौम्य व व्यवहारी असतो. 'वेगळ्या खोलीत निजावे, झाले!' ह्या उपायास आम्ही सर्वस्वी विरुद्ध नाही. वेगळे अंथरूण म्हणजे संसार मोडला असे मानणे हा निव्वळ खुळेपणा होय. पण आमच्याकडील कौलारू जुन्या घरांत खोल्यांच्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत पोचतच नाहीत; माजघरातले घोरणे पडवीत स्पष्ट ऐकू येते; आणि गणेश चतुर्थीस चाकरमानी गावी आले म्हणजे एकेका खोलीत दहा-दहा माणसे पसरतात, तेव्हा वेगळी खोली मागणार कोठून? ही अडचण मात्र दुय्यम आहे. मुख्य आक्षेप असा की, निद्राश्वासरोधाचा एकमेव साक्षीदार शेजारी निजणारे माणूस असते. रोग्यास स्वतःचा श्वास अडलेला कळत नाही. साक्षीदारास पलीकडच्या खोलीत घालविले की आवाज मिटतो आणि रोग निर्वेधपणे वाढतो. म्हणून आधी तपासणी, मग खोली. हा क्रम उलटा करणे धोक्याचे आहे.

ह्यातच बाजारू उपायांची बाब येते. नाकावरच्या पट्ट्या, बोटातल्या अंगठ्या, हनुवटीचे पट्टे, नाकात सोडावयाची तेले, आणि अलीकडे तोंडास चिकटपट्टी! नाक चोंदल्याने होणाऱ्या हलक्या घोरण्यास ह्यांतील एखादा उपाय लागूही पडेल. परंतु ज्याचा घसाच मिटतो त्याचे तोंड चिकटवून ठेवणे ह्यास उपचार म्हणवत नाही. जो उपाय केवळ आवाज दाबतो आणि श्वासाची चौकशी करीत नाही, तो चोर सोडून भुंकणारा कुत्रा बांधण्यासारखा आहे.

मग करावयाचे काय? आमचा क्रम साधा आहे. प्रथम साक्ष. आठ-दहा रात्री पत्नीने, वा जी व्यक्ती शेजारी असेल तिने, पाहावे: श्वास मध्ये अडतो काय, गुदमरल्यासारखे होते काय; हल्ली फोनवर आवाज नोंदविता येतो, म्हणजे 'मी नाहीच घोरत' हा बचावही उरत नाही. दुसरे, डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे. एकट्या घोरणारास पाठविल्यास तो रक्तदाबाची गोळी घेऊन परत येतो. तिसरे, शंका असल्यास निद्रेची तपासणी. कित्येकांच्या बाबतीत ती घरच्या घरी, बोटास व नाकाशी लहानसे उपकरण लावून एका रात्रीत होते. नपेक्षा मोठ्या दुखण्यासाठी आपण बांबोळी, कोल्हापूर वा मुंबई गाठतोच. चौथे, निकालाप्रमाणे उपाय.

श्वास अडत नसेल आणि केवळ आवाज असेल, तर कुशीवर निजणे, नाकाचा इलाज, आणि वजन व सायंकाळचा पेला ह्या दोहोंवर लगाम. मद्याने घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात; गोव्याची हद्द जवळ असणाऱ्या आम्हां मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वजनाविषयी विस्कॉन्सिन येथील २००० सालच्या अभ्यासाचा अदमास असा की, दहा टक्के वजन घटल्यास श्वासरोधांची संख्या सुमारे सव्वीस टक्क्यांनी घटते. खालचा जबडा किंचित पुढे धरणारे साधन दंतवैद्य बसवून देतात. काहींस शस्त्रक्रिया उपयोगी पडते. जयपूर येथे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात तीस रोग्यांपैकी काहींनी सहा महिने नेमाने शंख फुंकला, आणि त्यांची दिवसाची झोप व श्वासरोध दोन्ही उणावले. शंखाचे नाव ऐकून आमच्या संस्कृतिभक्तांनी लगेच हुरळून जाऊ नये. तीस माणसांच्या प्रयोगावर तीव्र रोग्याचा प्राण टांगता येत नाही. पण देवघरातील शंख फुंकला तर नुकसान काही नाही.

विकार तीव्र असेल तर मुख्य उपाय यंत्राचाच. १ मे १९८१ रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याच साली सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन ह्यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र रोग्याच्या श्वासनलिकेस भोक पाडण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. हे सीपॅप यंत्र नको म्हणणारांची कारणे दोन. एक, मुखवटा लावून निजणे शोभत नाही. अंधारात शोभा कोणासाठी? दुसरे, वीज जाते. हे कारण खरे आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर ह्या किनाऱ्यावर दिवसच्या दिवस वीज नव्हती. पण वर्षातील पाच रात्रींसाठी उरलेल्या तीनशे साठ रात्री रोग पोसणे हे कोणत्या गणितात बसते? इन्व्हर्टर दूरदर्शनसंचासाठी येतो, तो श्वासासाठी का येऊ नये? यंत्रास हजारो रुपये पडतात, आणि ते सर्वांस झेपणारे नाहीत, हे आम्ही जाणतो. आमचा वाद ज्यांस झेपते त्यांच्याशी आहे. मुलाच्या लग्नातील जेवणावळीत एक पक्वान्न कमी केले असते तरी ते आले असते.

स्त्रियाही घोरतात, आणि रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यांत हा विकार वाढतो. पुरुषाचे घोरणे विनोद ठरते, बाईचे मात्र लाजिरवाणे. म्हणून ती डॉक्टरांस ते सांगतच नाही. आमचा नियम तिलाही तोच, आणि तेथे पतीने साक्ष द्यावयाची ती थट्टेवारी न करता.

अखेर, ज्यांस हा नवरा-बायकोचा खाजगी प्रश्न वाटतो त्यांनी मुंबई-गोवा महामार्ग आठवावा. चतुर्थीस व शिमग्यास रात्रभर गाडी हाकीत गावी येणाऱ्यांत ज्यांची झोप वर्षानुवर्षे तुटलेली आहे असे किती असतील? निरनिराळ्या अभ्यासांचे २००९ साली जे एकत्र परीक्षण झाले, त्यात निद्राश्वासरोध असणाऱ्या चालकांकडून अपघात होण्याचा संभव इतरांच्या सुमारे अडीचपट दिसून आला. त्या गाडीत बायको असते, मुले असतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीत दुसऱ्या कोणाची तरी असतात.

तेव्हा पुढल्या वेळी बैठकीत एखादी बाई आपल्या झोपेची तक्रार सांगेल, तेव्हा घरच्या यजमानांनी हसण्याऐवजी तिला एकच प्रश्न विचारावा: 'श्वास मध्येच थांबतो का हो?' ती 'होय' म्हणाली, तर तो विनोद तेथेच थांबवून तिच्या पतीस डॉक्टरांचा पत्ता द्यावा.