आगमन कक्षातली एक भिंत

प्रति,
मा. संचालक,
कोल्हापूर विमानतळ, उजळाईवाडी

विषय : १९७१च्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांचा नामफलक

महोदय,

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. आज तिथं नवं टर्मिनल उभं आहे. त्यातली एक भिंत मागण्यासाठी हे पत्र.

५ डिसेंबर १९७१. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट तळावर हल्ला करायला गेले आणि परतले नाहीत. त्याच महिन्यात ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. घरच्यांनी ते ‘तांबे’ असंच वाचलं. पुढं युद्धकैदी सुटून आले, त्यांत तांबे नव्हते. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

१९७९ साली सरकारनं लोकसभेत बेपत्ता जवानांची यादी ठेवली. पुढं ती यादी वाढून ५४ नावांची झाली. त्यांत बरेच जण हवाई दलातले. तांब्यांसोबत तिथं अशोक बळवंत ढवळे आहेत, रमेश गुलाबराव कदम आहेत, श्रीकांत चंद्रकांत महाजन आहेत. आपल्याकडे यांपैकी कोणी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं. नातेवाईक १९८३ मध्ये मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. २००७ मध्ये चौदा जण पुन्हा गेले, एकामागून एक तुरुंग पाहिले. दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतले.

कोल्हापूरला सैनिकाचं घर नवं नाही. शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच ‘सैनिक’ आहे, सैनिक टाकळी. रणात पडलेल्याला मानवंदना कशी द्यायची, हे आपल्याला ठाऊक आहे. पण जो पडला की नाही हेच कळलं नाही, त्याचं काय करायचं? त्याला हार घालता येत नाही, त्याचं वर्षश्राद्ध करता येत नाही. त्याच्या नावामागं ‘कैलासवासी’ लावायला घरच्यांचा हात धजत नाही. म्हणून तो हुतात्म्यांच्या चौथऱ्यावरही नसतो आणि परतलेल्यांच्या सत्कारातही नसतो.

कोणी म्हणेल, ही माणसं कोल्हापूरची आहेत का? गाव विचारून माणूस जवळ करायची या मातीची रीत नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांचा स्मृतिस्तंभ आपण महावीर उद्यानात जपला, २०१९ मध्ये वळिवड्यातही उभारला. तिकडं वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं जाऊन आदरांजली वाहिली. परक्या देशातल्या बेघरांना ज्या गावानं जागा दिली, त्याला आपल्याच वैमानिकांसाठी एक भिंत जड नाही.

मागणी साधी आहे. फलक काळ्या दगडाचा असावा. त्यावर यादीतल्या वैमानिकांची नावं, हुद्दा आणि प्रत्येकानं शेवटचं उड्डाण केलं ती तारीख असावी. ‘शहीद’, ‘अमर’, ‘स्वर्गीय’ यांपैकी एकही शब्द नको. ‘बेपत्ता’ हा एकच शब्द असावा, कारण खरा तेवढाच आहे. मजकूर कोरण्याआधी हवाई दलाला आणि कुटुंबांना विचारावं. उद्घाटकांची नावं त्या दगडावर नकोत.

आणि महोदय, फलक प्रस्थानाच्या बाजूला लावू नका. आगमन कक्षात लावा. तिथं माणसं आपल्या माणसाची वाट बघत उभी असतात. ज्यांची वाट पन्नास वर्षांहून अधिक काळ कोणीतरी बघतंय, त्यांची नावं तिथं उभ्या असलेल्यांच्या नजरेसमोर असू द्या.

येत्या ५ डिसेंबरपूर्वी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक कोल्हापूरकर