कोटाचे वारसदार

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट या दोन स्थानकांतून दररोज सकाळी लाखो नोकरदारांचा लोंढा बाहेर पडतो आणि सायंकाळी त्याच वाटेने परततो. या दोन स्थानकांच्या आधाराने पसरलेल्या परिसराला सरकारदरबारी ‘फोर्ट’ म्हणतात. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी त्याचे नाव ‘कोट’ असेच आहे. वस्तुतः तेथे आज तटबंदी उरलेली नाही. अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे असलेला हा कोट गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आला. कोट गेला, नाव राहिले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर देशाच्या आर्थिक राजधानीचे मध्यवर्ती व्यापारी केंद्र उभे राहिले.

या परिसराविषयी समाजात दोन टोकांच्या भावना आढळतात. ‘हे सारे साहेबाने बांधले, म्हणून टिकले’ असे उसासे टाकणारा एक वर्ग आहे. ‘या तर गुलामीच्या खुणा, त्यांचे कौतुक कशाला?’ असे विचारणारा दुसरा वर्ग आहे. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी वाटतात. परंतु दोघांचेही गृहीतक एकच आहे. कोट परक्यांचा आहे, हे दोघांनीही मान्य करून टाकले आहे. आणि जे परक्याचे, त्याची निगा राखण्याची जबाबदारी कोण घेणार? कोटाच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ शोधायचे तर ते या गृहीतकापाशी जाऊन पोहोचते.

हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नव्या मुंबापुरीसाठी लागलेल्या पैशाचा मोठा वाटा या तेजीतून आला. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव दिले. १८७८ साली पूर्ण झालेला हा २८० फुटी मनोरा एका हिंदी मातेचे स्मारक आहे, हे त्याच्या सावलीतून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? शेजारच्या दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी एक लाख रुपये दिले. ज्या लोहमार्गामुळे कोटाचे व्यापारी महत्त्व वाढले, त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, तिच्यामागे त्यांचे परिश्रम होते.

केवळ पैसाच येथला होता असे नव्हे. हातही येथलेच होते. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे करणारे सर गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. लंडनहून आलेल्या कागदाला येथल्या दगडात उतरवण्याच्या कामी रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांच्यासारखे अभियंते खपले. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील विविध जातिसमूहांच्या ज्या मूर्ती आहेत, त्यांचे नमुने त्यांनीच घडवले. बोरीबंदरच्या स्थानकाचे वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. त्यांचे साहाय्यक अभियंते होते सीताराम खंडेराव वैद्य. पुढे १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या उभारणीतही वैद्यांचे नाव आहे. स्थानकावरील पाने-फुले, पशू-पक्षी सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवले. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३० नंतर आर्ट डेको शैलीची जी सुरेख रांग उभी राहिली, तिच्या शिल्पकारांत गजानन म्हात्रे हे ठळक नाव आहे. राज्य इंग्रजांचे होते आणि बांधकामामागे साम्राज्याचा स्वार्थही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्याचा पैसा, ज्याचा घाम आणि ज्याचे कसब, त्याचा वारसा हा साधा न्याय येथेही लागू होतो.

या दगडांना पुढे इतिहासाने निराळीच दीक्षा दिली. उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती न्यायदालनात २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली आणि मुंबईच्या गिरणी कामगाराने सहा दिवस संप करून तिला उत्तर दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांना दोन जन्मठेपींची शिक्षा सुनावणारे विशेष न्यायाधिकरणही मुंबईतच बसले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या उठावात टाऊन हॉलजवळच्या कॅसल बराकीत गोळ्या झडल्या. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली. आज त्याच गेटवेसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. १८६४ साली बांधलेल्या फ्लोरा फाउंटनच्या परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडले आणि तो चौक हुतात्मा चौक झाला. १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजाराच्या तळघरात स्फोट घडवला गेला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी टर्मिनसच्या फलाटांवर आणि ताजमध्ये निरपराधांचे प्राण घेतले गेले. देशाचे मर्म कोठे आहे, हे शत्रूने अचूक ओळखले होते. प्रश्न एवढाच की, येथल्या समाजाने ते ओळखले आहे काय?

स्वातंत्र्यानंतर नावे पालटली आणि ती पालटणे योग्यच होते. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजींचा झाला. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये छत्रपतींचे नाव मिळाले, प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला १९९८ मध्ये. मात्र नाव देणे ही जबाबदारीची सुरुवात असते, समाप्ती नव्हे. शिवरायांनी गड घेतल्यावर फक्त त्याचे नाव बदलले नाही. तट दुरुस्त केले, पाण्याची टाकी राखली, गडकऱ्यांना कामे वाटून दिली. त्यांचे नाव धारण करणाऱ्या स्थानकाला लागूनच असलेला पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी गर्दीच्या वेळी कोसळला. काही काळापूर्वीच्या तपासणीत त्याला केवळ किरकोळ दुरुस्तीची गरज असल्याचे म्हटले गेले होते. जुलै २०२० मध्ये कोटातीलच भानुशाली इमारतीचा भाग कोसळून रहिवासी दगावले. १८९६ साली ज्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानने पहिला चलच्चित्रपट पाहिला, त्या ओतीव लोखंडाच्या इमारतीचा एक भाग २००५ मध्ये पडला आणि पुढे ती रिकामी करावी लागली.

हे अपघात दैवाचे नव्हेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. त्या काळी भाडेकरूला संरक्षण आवश्यकच होते. पण नंतर दशकानुदशके भाडी जागची हलली नाहीत. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च करवेना, आणि उपकर घेणारे दुरुस्ती मंडळ टेकू लावून निघून जाऊ लागले. त्यातच बड्या कंपन्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलाची वाट धरली. उरलेल्या कोटात दिवसा गर्दी आणि रात्री ओसाडी. ज्या वस्तीत रात्री दिवा लागत नाही, तेथे भिंतीत उगवलेला पिंपळ उपटायलाही कोणी नसते.

चित्र केवळ निराशेचे आहे असे मात्र नाही. वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली १९९५ मध्ये मुंबईने केली. अशी नियमावली करणारे हे देशातील पहिले शहर. दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानदार, रहिवासी आणि वास्तुतज्ज्ञ एकत्र आले, कमानींवर चढलेले बेढब फलक उतरवले आणि रस्त्याचे मूळ रूप उजळले. २००४ मध्ये टर्मिनसला आणि ३० जून २०१८ रोजी ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो हुतात्मा चौकातून पुढे कफ परेडपर्यंत धावू लागली आहे. कोटात येणे सोपे झाले आहे. कोट जगवणे अजून सोपे झालेले नाही.

त्यासाठी शासनाने वारसा इमारतींतील भाड्याचा गुंता सोडवून दुरुस्तीचा खर्च मालक, भाडेकरू आणि शासन यांच्यात न्याय्य रीतीने वाटला पाहिजे. मोडकळीस आलेली इमारत पाडून तेथे मनोरा उभारणे हाच एकमेव किफायतशीर मार्ग राहिला, तर काही दशकांनी कोट केवळ छायाचित्रांत सापडेल. आणि समाजाने? शाखांनी, शाळांनी, गृहसंकुलांतील मंडळांनी एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन कोटात पायी फिरावे. टर्मिनसच्या भिंतीवरील मोर आणि माकडे दाखवताना वैद्यांचे नाव सांगावे. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढून नाना शंकरशेटांच्या पुतळ्यासमोर क्षणभर थांबावे आणि याच एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंग्रहाशी भारतरत्न पां. वा. काणे यांच्यासारख्या धर्मशास्त्रज्ञाचे नाते होते, हे मुलांना सांगावे. उच्च न्यायालयापुढे टिळकांच्या खटल्याची आणि हुतात्मा चौकात १९५५ ची कथा सांगावी. असा एक रविवार अनुभवलेला मुलगा उद्या त्याच परिसरात नोकरीला आला, तर पानाची पिंक टाकायला त्याची मान भिंतीकडे वळणार नाही. आणि पडू पाहणाऱ्या इमारतीबद्दल महापालिकेला जाब विचारताना तो दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या घराविषयी बोलत असेल.